हवाई कसरती : आकाशातील शिस्त, जमिनीवरील जबाबदारी

(जालना जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बियाणे आणि पोलाद यांसाठी ओळखला जाणारा, पण ज्याची सुगी अजूनही पावसाच्या लहरीवर अवलंबून आहे, असा आपला जालना जिल्हा. येथे वायुसेनेचा तळ नाही, जेट विमानांच्या कसरती पाहण्याचा प्रसंग आपल्या वाट्याला क्वचितच येतो. मग या विषयाचे येथे प्रयोजन काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देतो.

आपल्या देशाचे ‘सूर्यकिरण’ हे जेट विमानांचे कसरती पथक ज्या बिदर येथे स्थापन झाले, ते गाव आपल्याला परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना आणि बिदर ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. आजही परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी असा लोहमार्ग बिदरला जातो. जगातील नामवंत पथकांच्या पंक्तीत बसणारे हे पथक मराठवाड्याच्या वेशीवर वाढलेले आहे. तेव्हा हा विषय परक्याचा नसून शेजाऱ्याचा आहे, असे मी मानतो.

समुद्रावरील तास

जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ या तारखांना भारतीय वायुसेनेने राज्य शासनाच्या सहकार्याने मुंबईत मरीन ड्राइव्ह येथे हवाई प्रात्यक्षिके आयोजित केली होती. मी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईस गेलो. बरोबर जाफराबाद तालुक्यातील माझे एक वयोवृद्ध मामा होते. त्यांचे आयुष्य शेतीत गेले. समुद्रही ते त्या दिवशी प्रथमच पाहत होते.

नऊ विमाने एका ओळीतून उलगडत बाणाच्या आकारात समोर आली. मागे पांढऱ्या धुराचे समांतर पट्टे उमटले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मामांनी मात्र टाळ्या वाजविल्या नाहीत. ते डोळ्यांवर हात धरून बराच वेळ त्या पट्ट्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, पुढच्यानं तास चुकवला तर मागच्या सगळ्यांचे तास वाकडे. आमच्या तिफणीचंच हे.”

हवाई कसरतींविषयी मी पुष्कळ वाचले होते. परंतु त्यांचे मर्म इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते. तिफण धरणारा जसा आधीच्या तासावर नजर ठेवतो, तसाच या पथकातील प्रत्येक वैमानिक आपल्या शेजारच्या विमानावर नजर ठेवतो. जमीन कोठे, क्षितिज कोठे, हे पाहण्याचे काम एकट्या पथकनायकाचे असते. बाकीचे वैमानिक नायकाच्या विमानावरील ठरावीक खुणा एका रेषेत धरून ठेवतात. त्या खुणा जुळलेल्या असल्या म्हणजे आपण योग्य जागी आहोत, असे ते समजतात. नायक उलटा झाला तर तेही उलटे होतात. अर्थात नायकाची चूक ही एकट्याची चूक राहत नाही. कोणत्याही पुढारीपणाचे ओझे किती असते, हे येथे डोळ्यांना दिसते.

पथकाची जडणघडण

भारतीय वायुसेनेस १९८२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हंटर विमानांचे ‘थंडरबोल्ट्स’ नावाचे नऊ विमानांचे पथक उभारण्यात आले होते. पुढे ते विसर्जित झाले. त्यानंतर १९९६ मध्ये बिदर येथे ‘सूर्यकिरण’ पथकाची स्थापना झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनविलेली किरण मार्क-२ ही प्रशिक्षण विमाने त्यासाठी निवडण्यात आली. प्रारंभी सहा विमाने होती. १९९८ मध्ये ती नऊ झाली. ‘सदैव सर्वोत्तम’ हे पथकाचे ब्रीद आहे.

२०११ च्या फेब्रुवारीत या पथकाचे कार्य स्थगित करण्यात आले. नवशिक्या वैमानिकांना शिकविण्यासाठी विमानांचा तुटवडा पडला होता आणि पथकाकडील किरण विमानांची प्रशिक्षणासाठी गरज होती. जी विमाने लाखो लोकांची वाहवा मिळवीत होती, ती निमूटपणे शाळेकडे परत गेली. पुढे २०१५ मध्ये हॉक मार्क-१३२ या विमानांवर पथकाची पुन्हा उभारणी सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने ती नऊपर्यंत नेण्यात आली. ही विमानेही परवान्यानुसार हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आपल्याच देशात बांधलेली आहेत.

“दुष्काळी भागात टँकर लागतात आणि तिकडे आकाशात इंधन जाळायचे, हा खर्च कशासाठी?” असा प्रश्न आपल्या गावात कोणी विचारला तर त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर २०११ च्या निर्णयात आहे. प्रदर्शन आणि प्रशिक्षण यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा प्रशिक्षणास अग्रक्रम मिळाला. उरलेले उत्तर असे की, जवळजवळ उडण्याचे हे कौशल्य केवळ शोभेचे नाही. जोडीने व गटाने उड्डाण करणे हा लढाऊ वैमानिकाच्या शिक्षणाचा पाया आहे. पथकातील वैमानिक ठरावीक काळानंतर वायुसेनेच्या इतर कामावर परततात आणि ते कौशल्य बरोबर नेतात.

कसरती पाहाव्या कशा

शिक्षक बंधूंना या भागाचा विशेष उपयोग होईल. हवाई कसरत हा भौतिकशास्त्राचा उघड्यावरचा तास आहे. विद्यार्थ्याने नुसते ‘वा’ न म्हणता काय पाहावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, विमाने पाहू नका; विमानांमधील अंतर पाहा. हॉक विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे दहा मीटर असतो आणि दोन विमानांच्या पंखांच्या टोकांमधील अंतर पाच मीटरपेक्षाही कमी ठेवलेले असते. म्हणजे आपल्या शाळेतील एका वर्गखोलीच्या रुंदीएवढे. उदाहरणादाखल ताशी ६०० किलोमीटर हा वेग धरला, तर विमान एका सेकंदास सुमारे १६७ मीटर जाते. ती वर्गखोली ओलांडण्यास त्याला सेकंदाचे तीन शतांश पुरतात. डोळ्याची पापणी लवण्यासही यापेक्षा अधिक वेळ लागतो. हे अंतर संपूर्ण गिरकीभर जसेच्या तसे राहिले, तर ती कसरत उत्तम समजावी.

दुसरी गोष्ट, वळण पाहा. शाळेच्या कवायतीत विद्यार्थ्यांची रांग वळते तेव्हा आतला विद्यार्थी जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब टांगा टाकतो. विमानांचेही तसेच आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या विमानास अधिक शक्ती लावावी लागते, आतल्याला ती कमी करावी लागते, आणि वळण सरळ होताच हा हिशेब क्षणात बदलतो.

तिसरी गोष्ट, उभे वर्तुळ, ज्याला वैमानिक ‘लूप’ म्हणतात. ज्वारीच्या राखणीस गोफण फिरविणाऱ्या मुलाला हे लवकर समजेल. गोफणीतील दगड वर्तुळात ठेवण्यासाठी दोरीला ताण सोसावा लागतो. वर्तुळात फिरणाऱ्या विमानातील वैमानिकाच्या शरीरावर असाच भार येतो. हा भार गुरुत्वाकर्षणाच्या सहापट झाला, तर सत्तर किलो वजनाच्या माणसास आपले वजन ४२० किलो झाल्यासारखे वाटते. रक्त पायांकडे उतरू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट व पायांचे स्नायू आवळून, श्वासावर ताबा ठेवून वैमानिक शुद्ध टिकवितो, आणि त्याही स्थितीत शेजारच्या विमानावरील खूण सोडीत नाही.

चौथी गोष्ट, आवाज. विमान डोक्यावरून पुढे गेल्यावर गडगडाट मागून येतो. वीज आधी दिसते आणि मेघगर्जना नंतर ऐकू येते, त्याचेच हे दुसरे रूप. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून आवाजाच्या दिशेस विमान शोधू नये. त्याच्या पुढे शोधावे.

दोन विमाने समोरासमोर येऊन एकमेकांजवळून निघून जातात, तेव्हा प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो. प्रत्येकी ताशी ६०० किलोमीटर वेग असेल तर त्यांच्यातील अंतर सेकंदास ३३० मीटरहून अधिक गतीने घटते, म्हणजे जवळपास ध्वनीच्या गतीने. मागे सुटणारा धूर येथे उपयोगी पडतो. तापलेल्या वायूच्या झोतात तेल सोडले की त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे दाट धुके बनते. त्यात रंग मिसळला की रंगीत पट्टे उमटतात. हा धूर शोभेसाठी तर असतोच. शिवाय समोरून येणाऱ्या वैमानिकास दुसऱ्या विमानाचा मार्ग लांबून दिसावा, हाही त्याचा उपयोग आहे.

आणि जे प्रेक्षकांना दिसत नाही तेही विद्यार्थ्यांना सांगावे. नवीन वैमानिकास प्रथम दोनच विमानांच्या जोडीने, पुरेशा उंचीवर सराव देतात. हात बसल्यावर विमानांची संख्या वाढवितात आणि उंची कमी करतात. प्रत्येक उड्डाणानंतर सर्वजण एकत्र बसून चित्रफीत पाहतात आणि कोणाचे काय चुकले ते बोलतात. तेथे हुद्दा आड येत नाही. चूक लपविणारा माणूस तेथे सर्वांत धोकादायक समजला जातो. आपल्या कचेऱ्यांतील आणि शाळांतील तपासणीच्या बैठकी अशा निर्भय वातावरणात झाल्या, तर त्यांचे स्वरूप किती पालटेल, याचा विचार आपण करावा.

मोल प्राणांचे

या कौशल्याचे मोल काही वेळा प्राणांनी द्यावे लागले आहे. २००६ च्या मार्च महिन्यात बिदर येथे सरावाच्या वेळी सूर्यकिरण पथकाचे दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. २००९ च्या जानेवारीत तेथेच आणखी एक वैमानिक गेला. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळील येलहंका येथे ‘एअरो इंडिया’च्या सरावात पथकाच्या दोन विमानांची टक्कर झाली. दोन वैमानिक बाहेर झेपावून वाचले. विंग कमांडर साहिल गांधी यांना वीरमरण आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात एकट्याने कसरती करणारे तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांचा अंत झाला. टाळ्या वाजविताना या नावांची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

प्रेक्षकही या संकटातून सुटलेले नाहीत. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामस्टाइन येथे इटलीच्या पथकाची तीन विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतील एक जळत प्रेक्षकांत कोसळले. तिन्ही वैमानिकांसह सत्तर माणसे मृत्युमुखी पडली. ती कसरत प्रेक्षकांच्या दिशेने येणारी होती. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधील ल्विव्ह येथे लढाऊ विमान प्रेक्षकांत घुसून ७७ जण ठार झाले. प्रेक्षकांची रेषा व विमानांची रेषा यांत ठरावीक अंतर राखणे, प्रेक्षकांच्या दिशेने कसरती न करणे, हे निर्बंध अशा दुर्घटनांतून कठोर होत गेले आहेत. मुंबईत विमाने समुद्रावर उडत होती आणि प्रेक्षक किनाऱ्यावर होते, याचे कारण केवळ देखावा हे नव्हते. म्हणून पोलिसांनी आखलेली दोरी ओलांडून “दोनच पावले पुढे” जाणाऱ्यास ती दोरी कशाने लिहिली गेली आहे, हे ठाऊक असले पाहिजे.

जमिनीवरील दहावे विमान

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेनेच्या ९२व्या वर्धापनदिनानिमित्त हवाई प्रात्यक्षिके झाली. सुमारे पंधरा लाख लोक जमल्याचे सांगण्यात आले. आकाशात एकाही विमानाची चूक झाली नाही. तरीही त्या दिवशी पाच माणसे दगावली आणि कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. भर दुपारचे ऊन, तासन् तास उभे राहणे, पाण्याची वानवा आणि कार्यक्रम संपताच एकाच वेळी परतणारी अफाट गर्दी यांनी तो आनंद झाकोळून टाकला.

बंधुभगिनींनो, हा भाग वैमानिकांच्या हाती नसतो. तो आपल्या हाती असतो. नऊ विमाने आकाशात असतात, तर दहावे विमान म्हणजे जमिनीवरील व्यवस्था, असे मी समजतो. या बाबतीत आपण अगदीच अननुभवी नाही. राजूरच्या गणपतीस अंगारकी चतुर्थीला जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी येतात. त्यांच्यासाठी पाणी, सावली, दर्शनाची रांग, वाहनांसाठी वेगळी जागा ही कामे अनेक पंचायती, मंडळे आणि पोलीस कर्मचारी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले, तेही आपण विसरलेलो नाही. गर्दी यात्रेची असो वा हवाई प्रदर्शनाची, तिच्या गरजा सारख्याच असतात.

तेव्हा उद्या मराठवाड्यात असे प्रदर्शन झाले, अथवा आपल्या शाळेने मुलांना कोठे नेण्याचे ठरविले, तर काही गोष्टी आधीच निश्चित कराव्यात. पाणी मागितल्यावर नव्हे, तर ठरावीक अंतरावर आधीपासून ठेवलेले असावे. येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा असावा. कार्यक्रम संपल्यावर लोक टप्प्याटप्प्याने निघावेत, म्हणून शेवटी एखादा कार्यक्रम जमिनीवर ठेवावा. चुकलेल्या मुलांसाठी एक ठिकाण असावे आणि ते सर्वांना दिसावे. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, शाळा आणि शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. डोक्यावर टोपी असावी. गच्ची, झाड, पाण्याची टाकी यांवर कोणी चढू नये. संक्रांतीचे दिवस असले तरी त्या परिसरात पतंग अथवा ड्रोन उडवू नयेत.

आणखी एक बाब पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावी. विमानाचा मोठा शत्रू म्हणजे पक्षी. उघड्यावर टाकलेला कचरा व जनावरांचे अवशेष यांवर घारी जमतात, आणि एक घार इंजिनात शिरली तरी अनर्थ ओढवू शकतो. म्हणूनच विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात असा कचरा टाकण्यास विमान नियमावलीने मनाई केलेली आहे. २०२३ च्या ‘एअरो इंडिया’च्या वेळी बंगळूरच्या महानगरपालिकेने येलहंका तळाभोवती दहा किलोमीटरच्या क्षेत्रात मांसविक्री बंद ठेवली होती. त्यामागे आहाराविषयी कोणताही आग्रह नव्हता. घारींना आमंत्रण मिळू नये, एवढाच हेतू होता. गावाच्या कडेचा उकिरडा आणि आकाशातील वैमानिकाचे प्राण यांचा असा थेट संबंध आहे. आपल्या गावाजवळ विमानतळ नसला, तरी गावातला जो तरुण उद्या विमान चालवील, ते कोणत्या तरी गावावरूनच उडणार आहे.

आपल्या मुलामुलींसाठी

असा तरुण आपल्या जिल्ह्यातून का निघू नये? मार्ग दूरचा नाही. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून कार्य करीत आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी तेथे करून घेतली जाते. जालन्याहून ती साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला, आणि त्यांच्या तयारीसाठी नाशिक येथे २०२३ मध्ये स्वतंत्र संस्था सुरू झाली. वायुसेनेसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. आठवी-नववीतच ही माहिती मिळाली, तर मुलाला वा मुलीला विषय निवडता येतात. बारावीनंतर मिळाली, तर हळहळ तेवढी उरते. कित्येक गुणी मुलांची संधी बुद्धी नसल्याने नव्हे, तर वेळेवर कोणी न सांगितल्याने हुकते. हे सांगण्याचे काम शिक्षकांवाचून कोण करणार?

मुंबईहून परत येताना मी मामांना विचारले, “काय आवडलं?” ते म्हणाले, “सगळी खाली उतरली, हे आवडलं.” नऊ उडाली आणि नऊ उतरली, याचे त्यांना समाधान होते. त्यात मी एवढीच भर घालतो की, पाहण्यास गेलेली सर्व माणसेही सुखरूप घरी परतली पाहिजेत. पहिले काम वैमानिक जिवाच्या कराराने करीत आहेत. दुसरे आपल्याकडे सोपविलेले आहे.



जय हिंद ! जय महाराष्ट्र !